विम्याची छत्री पावसाआधीच हवी!

'घराचा विमा? तो कशाला? घर काय पळून जातंय?' बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढला, की हमखास हेच ऐकू येतं. आयुर्विम्याचा हप्ता आपण पोटाला चिमटा काढून भरतो, स्कूटीचा विमा कायद्याच्या धाकाने काढतो. पण जन्माची पुंजी ओतून बांधलेलं घर मात्र देवाच्या भरवशावर!

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात नेमकं उलटं चित्र आहे. तिथे लोक विमा मागताहेत आणि कंपन्या हात आखडता घेताहेत. वाढत्या उष्म्याने रानं कोरडी पडतात, वणवे वस्तीत शिरतात. मे २०२३ मध्ये 'स्टेट फार्म' या तिथल्या बड्या कंपनीने गृहविम्याचे नवे अर्ज घेणं थांबवलं. वाढता बांधकाम खर्च आणि आपत्तींचा वाढता धोका, ही कारणं तिने दिली. २०२४ मध्ये सुमारे ३० हजार घरांच्या पॉलिसींचं नूतनीकरण करणार नाही, असंही जाहीर केलं. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यांत १६ हजारांहून अधिक बांधकामं खाक झाली. ज्यांना कुठेच विमा मिळत नाही, त्यांच्यासाठी तिथे 'फेअर प्लॅन' ही शेवटची सोय आहे. पण तिचं संरक्षण मर्यादित.

असं का होतं? विमा म्हणजे अनेकांनी थोडं थोडं घालून एखाद्याचं नुकसान भरून काढणं. शंभरातलं एक घर जळलं, तर बाकीच्यांच्या हप्त्यांतून भागतं. पण सगळी आळीच एकदम पाण्याखाली गेली तर? आणि तेही पुन:पुन्हा? मग कंपनी हप्ता वाढवते, नाहीतर काढता पाय घेते.

हे आपल्यापासून दूर नाही, मैत्रिणींनो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, जून २०२० मध्ये 'निसर्ग' वादळात रायगडचा किनारा, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड. तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावतं, म्हणून पाऊस कोसळतो तो एकदम. पाणी ओसरल्यावर चिखल उपसायला, भिजलेलं धान्य फेकायला आणि पंचनाम्यासाठी ताटकळायला कोण असतं? बहुतेक वेळा घरातली बाईच!

आपल्याकडे विमा अजून मिळतो, हीच जमेची बाजू. विमा नियामकाच्या आदेशाने १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी आहे. आग, भूकंप, वादळ, पूर, दरड अशी संकटं तिच्यात येतात. यातली एखादी आपत्ती कोसळल्यावर सात दिवसांच्या आत झालेली चोरीही धरली जाते. घराचा विमा काढला की, त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरगुती सामान आपोआप येतं. यादी द्यावी लागत नाही. दागिन्यांसाठी मात्र वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. भाडेकरूंना फक्त सामानाचाही विमा काढता येतो. मुदत दहा वर्षांपर्यंत घेता येते. दरवर्षी नूतनीकरणाची टांगती तलवार नको असेल, तर याचा जरूर विचार करा.

विम्याची रक्कम ठरते ती घर पुन्हा बांधायच्या खर्चावर, जागेच्या बाजारभावावर नव्हे. गृहकर्ज असेल तर बँकेत जाऊन विचारा, की 'विमा घराचा आहे, की कर्ज घेणाऱ्याच्या आयुष्याचा?' दोन्ही एकच समजून निर्धास्त राहणारी घरं कितीतरी आहेत. पापड, शिवणकाम असा घरगुती उद्योग असेल, तर त्याच्या मालाची आणि यंत्रांची वेगळी चौकशी करा. घराचे, सामानाचे फोटो काढून मुलांच्या मोबाइलवरही ठेवा.

विम्याने पूर थांबत नाही. त्यासाठी नदीपात्रातला भराव आणि तुंबलेले नाले यांबद्दल ग्रामसभेत, नगरपालिकेत आवाज उठवायलाच हवा. जिथे पाणी वारंवार शिरेल, तिथे उद्या विमाही महागेल. तहान लागल्यावर विहीर खोदण्यात काय अर्थ? तेव्हा या पावसाळ्याआधी गच्ची दुरुस्त करताना घराच्या कागदांची पिशवीही एकदा उघडा, आणि त्यात विम्याचा कागद आहे का, ते बघा.