दाखल्यावरील ‘चांगली’: केंद्रीय विद्यालय संघटनास खुले पत्र



चेन्नईलगतच्या तांबरम येथील हवाई दलाच्या तळावर चालणाऱ्या केंद्रीय विद्यालयांत दूरदूरच्या प्रांतांतून, महाराष्ट्रातूनही, बदलून आलेल्या कुटुंबांची मुले शिकतात आणि काही वर्षांत पुढच्या तळावर जातात. 1963 साली ही योजना अशाच कुटुंबांसाठी सुरू झाली, आणि अभ्यासक्रम सर्वत्र एकच ठेवल्याने बदलीचा जाच पुष्कळ हलका झाला, हे निर्विवाद आहे. परंतु अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार, म्हणजेच एडीएचडी, असलेल्या मुलांच्या बाबतीत अभ्यासक्रमाइतकीच शिक्षकाची दृष्टी निर्णायक ठरते, आणि ती मात्र शाळेगणिक बदलते.

हा विकार मेंदूच्या विकासाशी निगडित असून लक्ष टिकवणे, आवेग आवरणे आणि हातचे काम क्रमाने तडीस नेणे या क्षमतांवर त्याचा परिणाम होतो. 2013 च्या अमेरिकन निदान-निकषांनुसार लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा यांसारख्या दोन ठिकाणी दिसलेली असावी लागतात, त्यामुळे वर्गशिक्षकाचे निरीक्षण हा निदानाचा मोठाच आधार असतो. नव्या शिक्षकाला मूल पुरते उमजेपर्यंत निम्मे वर्ष सरते. आधीच्या शाळेचा दाखला पाहावा, तर त्यावर वर्तणुकीपुढे बहुधा ‘चांगली’ एवढेच लिहिलेले असते.

बर्नार्ड वायनर या मानसशास्त्रज्ञाच्या कारणारोपण सिद्धान्तानुसार, एखादे वर्तन माणसाच्या ताब्यातले आहे असे वाटले की पाहणाऱ्याला राग येतो, आणि ते ताब्याबाहेरचे वाटले की मदतीची इच्छा होते. फळ्यावरची पहिली दोन उदाहरणे नीट उतरवलेली, तिसरे अर्ध्यावर सोडलेले आणि उरलेले पान कोरे अशी वही एका शिक्षकाला कामचुकारपणाचा पुरावा वाटते, तर दुसऱ्याला लक्ष नेमके कुठे तुटले याची खूण दिसते. दंगा न करता नुसतीच हरवून बसणारी मुले, विशेषतः मुली, तर दोघांच्याही नजरेतून सुटतात.

यात दोष शिक्षकांच्या माथी मारणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि समावेशक शाळा हा विषय त्यात आला, तरी भरलेल्या वर्गात प्रत्यक्ष काय करावे हे परीक्षेपुरत्या वाचनाने साधत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई करते, मात्र छडीच्या जागी काय, याचे उत्तर कायद्याने देण्याजोगे नाही. त्यातच 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीतील 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचे नाव नाही. परिणामी सवलतींसाठी लागणारे प्रमाणपत्र केवळ या विकाराच्या नावावर मागणे अवघड होते.

संघटनाच्या म्हैसूर, मुंबई, ग्वाल्हेर, भुवनेश्वर व चंदीगड येथील प्रशिक्षण संस्थांनी सेवांतर्गत वर्गांत व्याख्यानांऐवजी अशा वह्या आणि वर्गातील नोंदी शिक्षकांपुढे ठेवाव्यात, तसेच पालकांच्या संमतीने एक निरीक्षण-पत्रक दाखल्यासोबत पुढच्या शाळेत जावे, अशी विनंती आहे. मुलावर कायमचा शिक्का बसण्याची भीती रास्त असल्याने त्या पत्रकात विकाराचे नाव नसावे. पहिल्या बाकावर बसवल्याने, सूचना एकेक करून दिल्याने किंवा मध्येच फळा पुसायला उठवल्याने त्या मुलाला कितपत उपयोग झाला, एवढेच आधीच्या वर्गशिक्षकाने स्वतःच्या अक्षरात लिहावे.