फेरफाराची नोंद

जनुकीय तंत्रज्ञानाने घडवलेल्या पिकांना मराठीत अजून एक ठरलेले नाव नाही. यात भाषेचे दारिद्र्य कमी आणि वादाचे स्वरूप अधिक दिसते. समर्थक ‘जनुकीय सुधारित’ म्हणतात. त्या विशेषणातच निकाल लागलेला असतो, कारण सुधारणेला विरोध करणारा मनुष्य मराठीत एकोणिसाव्या शतकापासून प्रतिगामी ठरत आला आहे. विरोधक ‘जनुकीय फेरफार’ म्हणतात आणि हिशेबातल्या किंवा परीक्षेच्या निकालातल्या फेरफाराचा संशय बियाण्यालाही चिकटवतात. तटस्थ राहू पाहणाऱ्यांचे ‘पराजनुकीय’, ‘जनुकपरिवर्तित’ हे शब्द परिभाषाकोशातून निघून शेताच्या बांधापर्यंत पोचत नाहीत. बांधावर पोचली आहेत ती फक्त दोन अक्षरे : बीटी.

‘फेरफार’ या शब्दाला मात्र आणखी एक अर्थ आहे, आणि तो शेतकऱ्याला कोशाशिवाय ठाऊक असतो. जमिनीचा हक्क बदलला की गाव नमुना सहामध्ये फेरफार घालावा लागतो. संबंधितांना नोटीस जाते, तिची प्रत चावडीवर लागते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते, सुनावणी होते, आणि प्रमाणित झाल्याखेरीज नोंद सातबाऱ्यावर येत नाही. या रीतीत दिरंगाई आहे, नाडवणूकही आहे. तरीही तिच्यामागचे तत्त्व शहाणपणाचे आहे : बदल निषिद्ध नाही, पण तो सर्वांना कळेल असा, हरकत ऐकून घेऊन आणि नोंद करून व्हावा. जनुकीय अन्नाच्या बाबतीत आपण नेमके याच्या उलट वागत आहोत, असे माझे म्हणणे आहे. कागदावर आपण बदल रोखून धरला आहे आणि व्यवहारात तो बिननोंदीचा होऊ दिला आहे.

हे म्हणणे तपासून पाहायला अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, जिल्हा फार सोयीचा आहे. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा जिल्हा. त्याच्या वायव्य टोकाला अकोले तालुका, सह्याद्रीचा, पावसाचा, भाताचा. दक्षिणेला श्रीगोंदा, पर्जन्यछायेतला आणि कुकडी-घोडच्या कालव्यांवर बागायत झालेला. अकोल्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी वाल, घेवडे, भात आणि भाज्यांचे देशी वाण घराघरांतून गोळा केले, मडक्यांत आणि डब्यांत राखेसह जपले आणि ‘बायफ’ संस्थेच्या साहाय्याने गावात बियाणे बँक उभी केली. २०१८ मध्ये बीबीसीने जगातल्या शंभर प्रभावी स्त्रियांत त्यांची गणना केली. त्याच जिल्ह्याच्या श्रीगोंदा तालुक्यातले अनिल घनवट शेतकरी संघटनेचे अध्यक्ष असताना, १० जून २०१९ रोजी, अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर येथे संघटनेने उघड कायदेभंग केला. शेकडो शेतकऱ्यांसमक्ष तणनाशक-सहनशील बीटी कापूस पेरण्यात आला आणि बीटी वांग्याची रोपेही लावण्यात आली. दोन्हींना भारतात लागवडीची परवानगी नव्हती.

एका टोकाला बीजमाता, दुसऱ्या टोकाला बीजसत्याग्रही. परंपरा आणि आधुनिकता, निसर्ग आणि बाजार अशा द्वंद्वात या दोघांना बसवून टाकण्याचा मोह अनावर आहे. आपल्याकडच्या शालेय निबंधाने तो जन्मभरासाठी लावून ठेवला आहे. ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा विषय ज्यांनी लिहिला आणि ज्यांनी तपासला, त्यांना या वादातले दोन्ही परिच्छेद तोंडपाठ असतात, तिसऱ्या परिच्छेदात ‘वापरणाऱ्यावर अवलंबून’ असा समारोप येतो आणि पाचपैकी चार गुण मिळतात. वांग्याचा प्रश्न या साच्यात मावत नाही.

वांग्यावर शेंडा व फळ पोखरणारी अळी पडते. ती एकदा फळात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शेतकरी ती शिरण्याआधी, म्हणजे पुन्हा पुन्हा, फवारत राहतो. बीटी वांग्यात मातीतल्या एका जिवाणूचे जनुक घातलेले असते. त्यामुळे झाडातच असे प्रथिन तयार होते, जे अळीच्या आतड्यात बिघाड करून तिला मारते. माणसाच्या पोटातली परिस्थिती वेगळी असल्याने त्याला ते अपायकारक नाही, असा तंत्रज्ञांचा दावा आहे आणि त्याला बऱ्यापैकी शास्त्रीय आधार आहे. जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केलेल्या या वांग्याला केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी मान्यता दिली. त्यानंतर तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यांतली महाराष्ट्रातली नागपूरला झाली. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी या वांग्याला स्थगिती दिली. स्वतंत्र अभ्यासांनी लोकांचे आणि तज्ज्ञांचे समाधान होईपर्यंत ती राहणार होती.

त्या सुनावण्यांतली आरडाओरड आठवून अनेक जण त्यांना तमाशा म्हणतात. मला मात्र तो या संपूर्ण इतिहासातला सर्वांत प्रतिष्ठित प्रसंग वाटतो, कारण चावडीवर नोटीस लागली ती तेव्हाच. दुर्दैव पुढचे आहे. हरकती आल्या, पण सुनावणीचा निकाल कधी लागलाच नाही. स्थगिती ही निर्णय घेण्यापूर्वीची विश्रांती असते. आपण तिलाच निर्णय मानून स्वस्थ बसलो. दरम्यान बांगलादेशाने ऑक्टोबर २०१३ मध्ये चार बीटी वाणांना मान्यता दिली आणि २०१४ च्या जानेवारीत वीस शेतकऱ्यांच्या हाती रोपे दिली. तिथे फळ पोखरणाऱ्या अळीसाठीच्या फवारण्या आणि त्यांचा खर्च लक्षणीय घटल्याचे अभ्यास आहेत. रस शोषणाऱ्या किडींसाठी फवारावे लागतेच, हेही त्यांतच आहे. आपल्याकडे २०१९ साली हरियाणातल्या फतेहाबादला एका शेतात बंदी असलेले बीटी वांगे आढळले आणि ते नष्ट करावे लागले. ज्या बियाण्याला दार बंद होते ते कुंपणावरून आत आले होते.

विरोधकांची भीतीही निराधार नाही, आणि तिचा सर्वांत मोठा पुरावा शेवगाव-पाथर्डीच्या कापूस उत्पादकाजवळ आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली. देशातली रुईची सरासरी उत्पादकता तेव्हा हेक्टरी तीनशे किलोच्या आसपास होती, ती २००७-०८ मध्ये साडेपाचशेवर गेली. श्रेय एकट्या जनुकाचे किती आणि सिंचनाचे, संकराचे, खतांचे किती, यावर वाद आहे. पण बोंडअळीच्या फवारण्या त्या काळात कमी झाल्या हे शेतकरीच सांगतो. मग अळी शिकली. २०१० मध्ये कंपनीनेच गुजरातेत शेंदरी बोंडअळीत प्रतिकारशक्ती आल्याचे मान्य केले आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात या अळीने हाहाकार उडवला. हे टाळण्याचा उपाय पाकिटातच होता : ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी यायची. ती कडेने पेरायची, म्हणजे त्या झाडांवर साध्या अळ्या जगतात आणि प्रतिकारक्षम अळ्यांची शुद्ध पैदास होत नाही. ती पुडी बहुतेकांनी पेरली नाही, कारण अळीला मुद्दाम खाऊ घालायचे कशासाठी, हे कोणी नीट समजावलेच नव्हते. यात विज्ञानाची चूक शोधणे अन्यायाचे होईल. चूक विज्ञान आणि शेतकरी यांच्यामधल्या भाषेत झाली.

अन्नाच्या बाबतीत तर आपण आणखी एका भ्रमात आहोत. ‘भारतात जनुकीय अन्न नाही’ हे वाक्य भाषणांतून सर्रास ऐकू येते. अन्न म्हणून लागवडीला मान्यता मिळालेले पराजनुकीय पीक बाजारात नाही, एवढाच त्याचा खरा अर्थ. देशातला बहुतांश कापूस बीटी आहे. त्याच्या सरकीचे तेल काढले जाते, आणि सरकीची पेंड नगर जिल्ह्यातल्या गोठ्यागोठ्यांत जाते. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही आणि गाईच्या पोटात ते पचून जाते, त्यामुळे दुधाला भिण्याचे कारण नाही. परंतु न भिणे वेगळे आणि माहीत नसणे वेगळे. ऑगस्ट २०२१ मध्ये कोंबडीखाद्यासाठी बारा लाख टन जनुकीय सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली, तीही चावडीवर नोटीस न लागता. जे वांगे खुल्या सुनावणीत अडले, त्याचे भाऊबंद खाद्यातून आणि तेलातून बिनबोभाट घरात आले.

आता पुन्हा त्या दोन टोकांकडे पाहावे. शेतकरी संघटनेची मागणी शरद जोशींपासून चालत आलेली आहे : बाजाराचे स्वातंत्र्य हवे तसे तंत्रज्ञानाचेही हवे, कोणते बियाणे पेरायचे हे शेतकऱ्याने ठरवावे. राहीबाईंचे काम मागणी करत नाही, पण त्यातून निघणारा अर्थ स्पष्ट आहे : बियाणे शेतकऱ्याच्या घरातून येत असेल तरच ते पेरण्याचा निर्णय त्याचा. एकीकडे निवडण्याचा हक्क, दुसरीकडे राखण्याचा. दोन्ही हक्कांचा शत्रू एकच आहे, आणि तो म्हणजे शेतकऱ्याला डावलून कुठेतरी झालेला निर्णय. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि छापील नाममुद्रेशिवाय विकण्याचाही हक्क दिला आहे. संकरित बीटी कापसात तो हक्क कागदावर राहतो, कारण संकराचे बी पुढच्या वर्षी तसे उगवत नाही.

वांग्यात ही अडचण असायलाच हवी होती असे नाही. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने जे बीटी वाण तयार केले ते सरळ वाणांवर आधारलेले होते, म्हणजे शेतकरी त्यांचे बी धरू शकला असता. त्यांत पुण्याजवळच्या मांजरीचे नाव लावणारे ‘मांजरी गोटा’ही होते. पण हे स्थानिक वाण परवानगीविना वापरल्याचा आक्षेप आला आणि राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने २०११ मध्ये कारवाईचा निर्णय घेतला. ज्या वाटेने निवडणे आणि राखणे एकत्र येऊ शकले असते, तीच वाट विचारल्याशिवाय घेण्याच्या सवयीमुळे संशयाने भरून गेली.

याच जिल्ह्यात राहुरीला महात्मा फुले यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ आहे. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मधले फुले आठवतात ते शोषणावरच्या कोरड्यांसाठी. पण त्याच ग्रंथात ते परमुलखातून मेंढरांची उत्तम बेणी आणा, शेतीची प्रदर्शने भरवा असेही सुचवतात. नव्या वाणाचे त्यांना वावडे नव्हते. त्यांचा राग ज्ञान दडवून त्याच्या बळावर अज्ञान्याला नागवणाऱ्यांवर होता. फुल्यांचे नाव घेणाऱ्या विद्यापीठाकडून अपेक्षा करायची तर हीच : चाचणी सरकारी शेतात व्हावी, कुंपण पक्के असावे, पण माहितीला कुंपण नसावे, आकडे मराठीत प्रसिद्ध व्हावेत, हरकतींना लेखी उत्तर मिळावे, मान्य झालेला वाण बी धरता येईल असा असावा, आणि शेजारच्या कोंभाळण्यातल्या मडक्यांतला ठेवा आधी नोंदवला जावा. अशा चाचण्यांना २०११ पासून राज्याची संमती लागते, म्हणजे प्रश्न दिल्लीवर ढकलून मोकळे होण्याची सोय महाराष्ट्राला नाही. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत जनुकीय मोहरीच्या मान्यतेवर मतभेद झाला, तरी सर्वांशी सल्लामसलत करून राष्ट्रीय धोरण ठरवावे यावर दोघांचे एकमत होते. त्या एकमताला मतभेदाइतकी प्रसिद्धी मिळाली नाही.

घाईचे कारणही आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने भाताचे दोन नवे वाण जाहीर केले, त्यांत बाहेरचे जनुक नाही. भाताचेच जनुक बदलले आहे. या तंत्राला २०२२ मध्ये कडक परवान्यांतून सूट मिळाली. मराठीत त्याला ‘जनुकसंपादन’ म्हणू लागले आहेत. संपादन हा शब्द साहित्याच्या लोकांनी सहज स्वीकारू नये. संपादकाने कोणते पाठभेद गाळले, कोणते ठेवले, हे प्रस्तावनेत सांगणे हा आपल्याकडे संपादनाचा किमान धर्म मानला जातो. प्रस्तावनेविना काढलेली संपादित संहिता आपण अभ्यासक्रमाला लावत नाही. मग ताटात आलेल्या संपादनाची प्रस्तावना का मागू नये?

साहित्याच्या अध्यापकांनी जनुकशास्त्रावर निकाल देऊ नये. तो आपला अधिकार नव्हे. काळ्या आईच्या उमाळ्याने विरोध करू नये आणि प्रगतीच्या घोषणेने पाठिंबाही देऊ नये. पण वाद ज्या शब्दांत चालतो ते शब्द तपासणे हे आपलेच काम आहे. वर्गात पुढच्या वेळी शाप-वरदानाचा निबंध देण्याऐवजी बियाण्याच्या पाकिटावरचा मराठी मजकूर वाचायला द्यावा आणि विचारावे : यातले शेतकऱ्याला किती कळेल, आणि काय सांगायचे राहिले आहे? १२० ग्रॅमची ती पुडी का पेरायची, हे मराठीत एका स्वच्छ परिच्छेदात लिहून दाखवणारा विद्यार्थी निघाला, तर तो शंभर निबंधांपेक्षा अधिक उपयोगी ठरेल.