कार्टून पाहा, पण चार प्रश्न विचारा

दहावीचा निकाल जवळ आला की घराघरांतल्या मोबाइलवर कोर्सच्या जाहिराती येऊ लागतात. हल्ली त्यात कार्टूनची चलती आहे. उदास बसलेला मुलगा कोर्सला नाव घालतो आणि दीड मिनिटात त्याच्या दारात गाडी उभी राहते!

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीची अम्मी असाच व्हिडिओ घेऊन आमच्याकडे आली. "सहा महिन्यांत नोकरी म्हणतात. फीसाठी बांगड्या मोडू का?" आम्ही तो व्हिडिओ दोनदा पाहिला. त्यात एकूण फी किती, मान्यता कोणाची, यातले काहीच नव्हते. चौकशी केली, तेव्हा नीट उत्तर मिळाले नाही. बांगड्या हातातच राहिल्या.

पण आम्हालाही एक गोष्ट उमगली. आमचे छापील माहितीपत्रक त्या माऊलीने वाचले नव्हते, कार्टून मात्र पाहिले होते. म्हणून यंदा मुलांकडून चित्रे काढून घेऊन आम्हीही दोन मिनिटांचा चित्रपट तयार केला. आवाज उर्दूत आणि मराठीत, दोन्ही. दहावीच्या फाट्यावरून तीन रस्ते निघतात: अकरावी, आयटीआय, पॉलिटेक्निक. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर 2 वर्षांचा. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा 3 वर्षांचा, आणि पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय. अक्षरओळख नसलेल्या दादीलाही हे समजले. परदेशी कामाला असलेल्या अब्बूंपर्यंत ते व्हॉट्सअ‍ॅपवर पोहोचले.

वर्गात दाखवला, तेव्हा एका मुलीने विचारले, "पाना मुलाच्याच हातात का? माझ्या हाती फक्त शिलाई मशीन?" आम्ही खजील झालो. चित्र बदलले.

चित्र डोळ्यांत भरते, म्हणूनच जपून पाहावे. कोणताही कोर्सचा व्हिडिओ आला, की कागदावर चार प्रश्न लिहा: मान्यता कोणाची? एकूण फी किती आणि मधेच सोडल्यास परत किती? मुदत किती, आणि पुढे शिकता येते का? इथे शिकलेला एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्याला भेटेल का? उत्तरे मिळेपर्यंत एक पैसाही भरू नका.

आणि पाचवा प्रश्न घरातच विचारा, मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून: "बेटा, तुला काय आवडते?" त्याचे उत्तर कोणत्याच कार्टूनमध्ये नसते.