फळाचा हक्क आणि फळाचा हट्ट

निकाल मनासारखा लागला नाही की आपल्याकडे गीता आठवते. ‘कर्म करत राहा, फळाची अपेक्षा ठेवू नकोस’ असे हिरमुसलेल्या मुलाला कोणीतरी सांगते आणि विषय मिटतो. दुसऱ्या अध्यायातल्या त्या प्रसिद्ध श्लोकावर हा अन्याय आहे. गीतेने तो श्लोक हरलेल्याची समजूत घालायला सांगितलेला नाही. युद्ध सुरू होण्याआधी, काम हातात घेताना ऐकायची ती गोष्ट आहे, आणि ती नीट कळण्यासाठी अठरावा अध्याय सोबत वाचावा लागतो. कोणतेही कार्य पाच कारणांनी घडते, असे तिथे म्हटले आहे: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारचे प्रयत्न आणि दैव. म्हणजे करणारा पाचांतला एक. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला अलीकडे दरवर्षी सुमारे दहा लाख अर्ज येतात आणि निवड होते हजाराच्या आसपास उमेदवारांची. तिथे राहून गेलेल्या प्रत्येकाने आपण कमी पडलो असे मानणे हिशेबातही बसत नाही, आणि निवड झालेल्याने सगळे श्रेय एकट्याकडे घेणेही बसत नाही.

फळाची ओढच गेली तर माणूस जीव तोडून काम कशाला करील, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तरही अठराव्या अध्यायातच आहे. परिणाम, नुकसान आणि आपली कुवत न पाहता सुरू केलेल्या कामाला गीता तामस म्हणते. याउलट सात्त्विक कर्त्याच्या अंगी धैर्य आणि उत्साह असतो, आणि यशापयशाने तो ढळत नाही. तेव्हा परिणामाचा विचार करायचाच. सोडायचा आहे तो फळाचा हट्ट. हा फरक महाभारताच्या उद्योगपर्वात प्रत्यक्ष दिसतो. कौरवांकडे शिष्टाईला निघण्यापूर्वी कृष्ण अर्जुनाला सांगतो की शेत कितीही चांगले कसले तरी पावसावाचून पीक येत नाही; माणसाला शक्य ते मी करीन, दैव माझ्या हाती नाही. हस्तिनापुरात विदुर त्याला बजावतो की दुर्योधन ऐकणार नाही, तुझे येणेच व्यर्थ आहे. त्यावर कृष्णाचे म्हणणे असे की धर्मकार्यासाठी शक्तीनुसार झटणाऱ्याला ते साधले नाही तरी पुण्य लाभतेच. शिष्टाई फसणार हे दिसत असूनही तो दुसऱ्या दिवशी सभेत कसर न ठेवता बोलला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. राबणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी ही शिकवण वापरली जाते. वापरली जाते हे खरे, पण अशा वापराला महाभारताचा आधार नाही. पांडवांची मागणी शेवटी पाच गावांवर आली, तरी ‘फळ सोडा’ म्हणून कृष्णाने त्यांना हक्क सोडायला सांगितले नाही. निष्कामता हा कर्त्याने स्वतःला घालून घ्यायचा नियम आहे. दुसऱ्याची मजुरी बुडवण्याचा तो परवाना नव्हे. म्हणून निकाल स्वीकारणे म्हणजे त्याची चिकित्सा थांबवणे नव्हे. प्रयत्नात काय राहिले ते सुधारावे, अन्याय झाला असेल तर दाद मागावी, आणि जे आपल्या हाती नव्हते त्याचे ओझे उतरवून ठेवावे. तसे केले तरच पुढच्या प्रयत्नाला बळ उरते.