दऱ्या आणि दर्या

बिऱ्हाड हलवल्याशिवाय घरात काय आहे ते कळत नाही, असे माझ्या सासूबाई म्हणत. शिरगावातलेच पवनेकाठचे जुने घर सोडून आम्ही वरच्या आळीत आलो, तेव्हा माळ्यावरून तीन विळ्या निघाल्या आणि पाच वर्षे हरवलेला अडकित्ता कणगीमागे सापडला. सासूबाई आता नाहीत. पण त्यांच्या बोलण्याची सत्यता मला परवा पटली. या खेपेला बिऱ्हाड हलवले ते टेबलावरचे. मी माझ्या संगणकाची कार्यप्रणाली बदलली.

कार्यप्रणाली म्हणजे त्या यंत्राच्या घरातली कर्ती बाई. लिहिणे, छापणे, फाईल ठेवणे, वेळेवर काढून देणे, सारे तिच्या हातून व्हायचे. माझ्याकडे विंडोज १० होती. २०१५ साली आलेल्या या बाईंना १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, पेन्शन मिळाली. सुरक्षेच्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या त्या दिवसापासून थांबल्या. पुढची आवृत्ती चालवायला जी सामग्री लागते ती माझ्या जुन्या यंत्रात नव्हती. नवे यंत्र घ्यावे, तर प्राध्यापकाच्या पगाराला आधीच पुष्कळ वाटा फुटलेल्या.

"काकू, मशीन ठणठणीत आहे. आपण लिनक्स टाकू. फुकट असतं," पुतण्या म्हणाला. 'फुकट' हा शब्द ऐकून यजमानांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. मी मात्र साशंक होते. फुकटची वस्तू किती टिकणार? मग कळले, की फिनलंडमधल्या लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेले हे काम जगभरच्या माणसांनी हातभार लावून वाढवले आहे, आणि मोठमोठे संगणक त्यावरच चालतात. गावजेवणात वाढपी फुकट राबतात म्हणून काही भात कच्चा राहत नाही!

झाले. एका रविवारी पुतण्याने फायली काढून बाजूला ठेवल्या, यंत्र धुऊनपुसून काढले आणि नवी कार्यप्रणाली बसवली. पहिला आठवडा मी नव्या सुनेसारखी वावरले. माझी बोटे टंकलेखनाच्या वर्गात घडलेली. आता मी इन्स्क्रिप्ट कळफलक शिकायला घेतला. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. रचना मोठी शहाणी. पण 'प्रिय' लिहायला मला अर्धे मिनिट लागे. तरी दुसऱ्या आठवड्यात हात बसला आणि मी 'ओव्या' नावाची फाईल उघडली.

२००४ साली, लग्न होऊन या घरात आले त्याच पावसाळ्यात, मी सासूबाईंच्या ४१२ ओव्या लिहून घेतल्या होत्या. दळण तेव्हा गिरणीत जाऊ लागून किती तरी वर्षे झाली होती; पण जात्याच्या खुंट्याला हात लागल्यावाचून त्यांना ओवी आठवत नसे. त्या रिकामे जाते फिरवीत आणि मी पेन्सिलीने वहीत उतरून घेई. पुढे त्या मी संगणकावर चढवल्या. ती फाईल उघडली आणि पाहते तो काय, पानभर इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे आणि उद्गारचिन्हे!

फायली उचलल्या होत्या. फॉन्ट उचलायचा राहिला होता.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. पूर्वीच्या बहुतेक मराठी फॉन्टांची युक्ती अशी, की आकडा इंग्रजी अक्षराचा ठेवायचा आणि त्यावर चित्र तेवढे मराठीचे बसवायचे. घर इंग्रजाचे, दारावरची पाटी मराठी. पाटी गेली की घर इंग्रजाचेच! युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. तिने अनेक लिप्यांतल्या अक्षरांना स्वतःची घरे दिली. 'क' चा आकडा २३२५. तो पुण्यात तोच, टोकियोत तोच. पण माझ्या ओव्या जुन्या घरात राहणाऱ्या. आजेसासऱ्यांचे मोडी कागद आमच्या ट्रंकेत आहेत. घरात ते कुणालाच वाचता येत नाहीत. त्या कागदांना शंभर वर्षे लागली. माझ्या ओव्यांची मोडी वीस वर्षांत झाली.

पुतण्याने आकडे बदलणारा एक प्रोग्रॅम शोधला आणि क्षणात मराठी परत आली. मी वाचू लागले. एका ओवीत माहेरच्या वाटेवर दर्या लागत होता. मावळात दर्या? सासूबाईंचे माहेर डोंगरापलीकडच्या खोऱ्यात. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मूळ शब्द 'दऱ्या'. त्या प्रोग्रॅमने 'दऱ्या' तला अर्धचंद्रासारखा र उचलून रफार करून टाकला होता. भाकऱ्यांचे तेच, पायऱ्यांचे तेच. हिंदीला या र ची गरज पडत नाही. मराठीचे त्यावाचून चालत नाही. युनिकोडमध्ये 'र' चा आकडा २३५२, तर 'ऱ' चा २३५३. शेजारशेजारची, पण वेगळी घरे. सरसकट बदल करावा तर सूर्याचा 'सूऱ्य' व्हायचा. तेव्हा एकेक ओवी कानाने ऐकत तपासणे आले.

त्यासाठी मूळ वही शोधली. मावळातल्या पावसाने आणि वाळवीने तिचा निम्मा भाग खाल्ला होता. पहिल्या १९० ओव्या तेवढ्या शाबूत. एका बाजूला वही, दुसऱ्या बाजूला पडदा, अशी मी बसले. आणि जे दिसले त्याने माझे हात थांबले. वहीत 'व्हतं', पडद्यावर 'होते'. वहीत 'न्हाई', पडद्यावर 'नाही'. वहीत 'म्या', पडद्यावर 'मी'. हे कोणत्या प्रोग्रॅमने केले? कोणत्याच नाही. नुकत्याच एम. ए. झालेल्या, शुद्धलेखनाचा ताठा बाळगणाऱ्या एका सुनेने केले. टंकताना मी सासूबाईंची भाषा सुधारून ठेवली होती. वृत्तही त्यामुळे जागोजाग लंगडे झाले होते, आणि एवढी वर्षे वर्गात भाषेचे महत्त्व सांगणाऱ्या मला ते कळले नव्हते.

यंत्राने केलेल्या चुका आठ दिवसांत दुरुस्त झाल्या. पहिल्या १९० ओव्याही मी वहीबरहुकूम केल्या. उरलेल्या २२२ चे काय? वही नाही, सासूबाई नाहीत. 'होते' च्या जागी 'व्हतं' घालून पाहिले. पण ती माझी नक्कल, त्यांचा शब्द नव्हे. खोडून टाकले.

आता ती फाईल कोणत्याही यंत्रावर उघडेल. १९० व्या ओवीनंतर मी एक ओळ घातली आहे : "येथून पुढे ओव्या सासूबाईंच्या; भाषा सुनेची."