बालविभागातील वेताळ आणि पालकांची हरकत

भूत, चेटकीण, मंत्र, शाप आणि अदृश्य शक्ती यांच्या कथा असलेली पुस्तके मुलांच्या हाती द्यावीत की नाहीत, हा प्रश्न बालविभाग सांभाळणाऱ्या ग्रंथपालासमोर कधी ना कधी येतो, आणि तो बहुधा पालकांच्या तोंडूनच येतो. अमेरिकेतील ग्रंथालय संघटना पुस्तक काढून टाकण्याच्या अशा मागण्यांची नोंद ठेवते. 2000 ते 2009 या दशकातील नोंदींत हॅरी पॉटर ही मालिका पहिल्या क्रमांकावर होती, आणि धर्माने निषिद्ध मानलेल्या जादूटोण्याची मुलांना गोडी लागेल, ही भीती त्या हरकतींमागील एक प्रमुख कारण होती. हीच मालिका मराठीतही आली आहे. मात्र बुलढाणा जिल्ह्यातील ग्रंथपालाला परदेशातील वाद जसाच्या तसा उचलता येणार नाही, कारण या जिल्ह्यात भूतबाधा ही केवळ पुस्तकात भेटणारी गोष्ट नाही.

पिंपळगाव सराई येथील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते, तेथे नारळांची होळी पेटते, सर्व धर्मांचे भाविक येतात, आणि मानसिक आजाराने ग्रासलेल्या माणसाला बाहेरची बाधा झाली आहे असे मानून त्याचे नातेवाईक त्याला तेथे आणतात. अंगात येणे, उतारा टाकणे, करणी केल्याचा संशय घेणे, हे शब्द जिल्ह्यातील अनेक मुलांच्या कानांवर शाळेत जाण्यापूर्वीच पडलेले असतात. त्यामुळे येथील पालकांची हरकत परस्परविरोधी अशा दोन दिशांनी येऊ शकते. काही पालकांना भुताचे पुस्तक घरात येणेच अशुभ वाटते, किंवा ते वाचून मूल रात्री दचकून उठेल अशी धास्ती असते. तर काही पालकांना, विशेषतः विवेकवादी चळवळीशी नाते असलेल्या शिक्षकांना, अशा पुस्तकांमुळे अंधश्रद्धेला खतपाणी मिळेल असे वाटते. एकाचा भुतावर विश्वास आहे आणि दुसऱ्याचा नाही, तरीही दोघांची मागणी एकच असते, ती म्हणजे पुस्तक कपाटातून काढावे.

या मागणीचा विचार करताना पुस्तकात भूत आहे की नाही, ही कसोटी निरुपयोगी ठरते. पुस्तक वाचकाकडून काय मागते, हे पाहावे लागते. ग्रंथांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश वर्गीकरणात या दृष्टीने तीन वेगवेगळी घरे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेल्या लोककथा 398.2 या क्रमांकाखाली येतात, एखाद्या लेखकाने रचलेली मराठी कादंबरी किंवा कथा 891.463 खाली येते, आणि भूतविद्या, जादूटोणा, भविष्यकथन यांसंबंधीचे ग्रंथ 133 खाली येतात. पहिल्या दोन प्रकारांतील पुस्तक स्वतःला गोष्ट म्हणवते आणि वाचकाने ती वाचेपर्यंत खरी मानावी, एवढेच मागते. तिसऱ्या प्रकारात अभ्यासग्रंथही असतात; परंतु वशीकरणाचे उपाय, मूठ मारण्याचे विधी किंवा संकट टाळणारे तोडगे सांगणाऱ्या पुस्तिकाही त्याच क्रमांकावर येतात, आणि त्या वाचकाने सांगितलेले प्रत्यक्ष करून पाहावे अशी अपेक्षा ठेवतात. देणगीतून आलेल्या गठ्ठ्यांत अशा पुस्तिका रंगीत मुखपृष्ठामुळे बालसाहित्यात सरकल्या, तर पालकांची तक्रार रास्त ठरते, आणि त्या बालविभागातून काढणे हे ग्रंथपालाचे कामच ठरते.

कथेच्या बाबतीत मात्र घाई केल्यास काय गमवावे लागते, हे वेताळपंचविशीवरून कळते. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या कथासरित्सागरात समाविष्ट असलेली ही कथामाला सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 1830 मध्ये मराठी गद्यात आणली, म्हणजे छापील मराठी बालवाचनाच्या अगदी आरंभापासून वेताळ येथे वस्तीला आहे. पुढे 1952 पासून मराठीत निघू लागलेल्या ‘चांदोबा’ मासिकाने, शंकर या चित्रकाराने रेखाटलेल्या, खांद्यावर प्रेत घेऊन निघालेल्या विक्रम राजाच्या चित्रासह तो घरोघरी पोहोचवला. स्मशान, प्रेत, मंत्रसाधना असा सगळा सरंजाम या कथेत आहे, आणि नुसत्या विषयसूचीवरून निवाडा करणारा कोणीही तिला पहिल्या फटक्यात बाद करील. परंतु तिची चौकट अशी आहे की, राजाकडून प्रेत मागवणारा साधक सिद्धी मिळवण्यासाठी त्याच राजाचा बळी देऊ पाहत असतो, वेताळ प्रत्येक गोष्टीच्या शेवटी न्याय-अन्यायाचा एक अवघड प्रश्न विचारून राजाची विवेकबुद्धी पारखत राहतो, आणि अखेरीस तोच साधकाचे कपट उघड करून राजाला वाचवतो. भूत येथे शिक्षकाच्या जागी आहे आणि नरबळी देऊ पाहणारा ढोंगी मांत्रिक खलपुरुष आहे. अंधश्रद्धेच्या भीतीने ही कथा काढून टाकणारे ग्रंथालय भोंदूगिरीविरुद्धचा मराठीतील एक जुना धडाच मुलांपासून दूर करील.

कायद्यानेही हाच भेद पाळला आहे. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर राज्य शासनाने त्याच महिन्यात वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी अधिनियम संमत केला. या अधिनियमाच्या अनुसूचीत, म्हणजे शेवटी जोडलेल्या गुन्ह्यांच्या यादीत, भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे यांसारखी कृत्ये आहेत, आणि अशा प्रथांच्या प्रसारालाही मनाई आहे. त्याच अधिनियमाने दिवंगत संतांचे चमत्कार सांगणे आणि त्यांविषयीच्या साहित्याचे वितरण करणे यांना मात्र मोकळीक दिली आहे, म्हणून शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्राचे घरोघरी होणारे पारायण कायद्याच्या कक्षेत येत नाही. अद्भुताचे कथन आणि अद्भुताच्या नावाने केलेला छळ यांत विधिमंडळाने जी रेषा ओढली, ती पुसून ग्रंथालयाने विधिमंडळापेक्षा कडक होण्याचे कारण नाही.

लोककथेशेजारी विज्ञान ठेवणे हे काढून टाकण्यापेक्षा केव्हाही फलदायी असते. लोणारचे सरोवर विष्णूने लवणासुराचा वध केला त्या जागी झाले, अशी आख्यायिका आहे आणि गावातील दैत्यसूदन मंदिर तिची साक्ष देते. तर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात तयार झाले, हे भूविज्ञानाने दाखवले आहे. जून 2020 मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांत शोधले. लवणासुराची गोष्ट आणि अशनीविवराची माहिती देणारी दोन पुस्तके एकाच आठवड्यात नेणाऱ्या मुलाला गोष्ट म्हणजे काय आणि पुरावा म्हणजे काय, हे वेगळ्या व्याख्यानाशिवाय उमजू लागते.

वयाचा मुद्दा मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. सहा वर्षांखालील मुलांना कल्पित आणि वास्तव वेगळे करणे कठीण जाते, असे मानून मारिया माँटेसरी यांनी त्या वयात परीकथांना जागा दिली नव्हती. त्यांची पद्धत स्वीकारणाऱ्या गिजुभाई बधेका यांनी मात्र लोककथा बालशिक्षणात आणल्या. या मतभेदातून ग्रंथपालाने घ्यावा असा बोध एवढाच की, भीतिदायक चित्रे असलेली पुस्तके लहानग्यांच्या खालच्या फळीवर नसावीत. ज्या मुलाच्या घरातील एखाद्या माणसाला झपाटलेले समजून फिरवले जात असेल, त्या मुलाला भूतकथा करमणूक वाटणार नाही, याचीही जाण देवघेव करणाऱ्याला हवी.

हरकत आल्यावर ती ऐकण्याची एक ठरलेली रीत असणे हा यातील व्यावहारिक भाग होय. पालकाने पुस्तकाचे नाव, आक्षेपार्ह वाटलेला भाग आणि आपण पुस्तक किती वाचले हे लेखी द्यावे. निर्णय होईपर्यंत पुस्तक जागेवरच राहावे. ग्रंथनिवड समितीने, त्यात एक शिक्षक घेऊन, पुस्तक अखेरपर्यंत वाचावे. आणि निर्णय कारणांसह लेखी कळवावा. आपल्या मुलाला कोणती पुस्तके देऊ नयेत, हे वाचकपत्रावर नोंदवण्याचा प्रत्येक पालकाला पूर्ण अधिकार आहे, परंतु तो अधिकार शेजारच्या मुलापर्यंत पोहोचत नाही. अमेरिकेतील सीडरव्हिल येथील शाळामंडळाने एका पालकाच्या तक्रारीवरून हॅरी पॉटरची पुस्तके पालकांच्या लेखी संमतीशिवाय मिळणार नाहीत असे ठरवले, तेव्हा 2003 मध्ये न्यायालयाने ती पुन्हा खुल्या फळीवर ठेवण्याचा आदेश दिला, तो याच तत्त्वाला धरून.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 अन्वये मान्यता मिळालेल्या अ वर्गापासून ड वर्गापर्यंतच्या प्रत्येक ग्रंथालयाने पुढील तपासणीपूर्वी बालविभागाची फळी न् फळी या दृष्टीने पाहावी. विधी आणि तोडगे शिकवणाऱ्या पुस्तिका तेथून हलवाव्यात, वेताळ, हडळ आणि मुंजा यांच्या गोष्टी निर्धास्तपणे ठेवाव्यात, आणि हरकतीच्या अर्जाचा एक नमुना समितीच्या येत्या बैठकीत मंजूर करून घ्यावा.