छळ आणि शील

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मधली सुटी संपतां संपतां आठवींतील एक मुलगा आमच्याकडे आला. डोळे तांबारलेले, पण मान ताठ. "सर, मी ख्रिस्ती आहें म्हणून वर्गांत माझा छळ होतो," तो म्हणाला. मुलें त्यास 'पाद्रीबुवा' म्हणून हांक मारीत, आणि त्या दिवशीं त्याच्या डब्याजवळ कोणी बसलें नव्हतें. आमच्या वाशीम जिल्ह्यांत ख्रिस्ती कुटुंबें थोडीं; रिसोड, मालेगांव, मानोरा या बाजूंच्या खेड्यांतून आलेलें असें मूल पुष्कळदां वर्गांत एकटेंच असतें. आमचें मन द्रवलें. परंतु चौकशी केली तेव्हां निराळेंच निघालें. आदल्या दिवशीं शेजारच्या मुलानें घरच्या पूजेचा प्रसाद पुढें केला असतां, आमच्या या वीरानें नुसतें 'नको' म्हणून न थांबतां त्या प्रसादाची व त्या देवाची चारचौघांत थट्टा केली होती!

विद्यार्थी मित्रहो, प्रसाद घ्यावा कीं न घ्यावा, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. त्यांत आम्ही पडत नाहीं. पण प्रेषित पेत्रानें छळांत सांपडलेल्या मंडळ्यांस लिहितांना एक भेद स्पष्ट केला आहे : अपराध करून शिक्षा सोसली तर त्यांत थोरवी कसली? बरें करून सोसावें लागलें तरच तें देवाला मान्य. आपल्या उद्धटपणाचें फळ आपल्या पदरांत पडलें, तर तें छळ म्हणून देवाच्या खात्यावर मांडूं नये.

खरा छळ इतिहासजमा झाला, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. 1999 च्या जानेवारींत ओडिशांतील मनोहरपूर येथें ग्रॅहम स्टेन्स व त्यांचे दोन लहान मुलगे गाडींत झोपलेले असतां जाळले गेले. त्यांच्या पत्नीनें मारणाऱ्यांस क्षमा केली व कुष्ठरोग्यांची सेवा पुढें कित्येक वर्षें चालविली. अशा माउलीपुढें आम्ही नुसते हात जोडतों. परंतु एवढा प्रसंग बहुतेकांवर येत नाहीं. तुम्हां-आम्हांवर येतात ते प्रसंग लहान असतात, घरांतले आणि गल्लींतले असतात. म्हणून आम्हांस येथें आपल्याच भाषेंतील एका घराची गोष्ट सांगावीशी वाटते.

'केवढे हें क्रौर्य!' ही पांखराची कविता तुमच्या आईबापांपैकीं कित्येकांनीं शाळेंत पाठ केली असेल. तिचे कर्ते नारायण वामन टिळक (1861–1919) हे कांहीं काळ नागपुरांत होते. तेथून राजनांदगांवास जात असतां आगगाडींत एका गोऱ्या प्रवाशानें त्यांस 'नवा करार' दिला. डोंगरावरील प्रवचनानें त्यांच्या मनाचा ठाव घेतला, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. आप्तेष्ट तुटले, ज्ञाति तुटली. हें सारें ख्रिस्ती व्यासपीठांवरून नेहमीं सांगितलें जातें.

सांगितलें जात नाहीं तें असें. दीक्षेच्या वेळीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. त्यांना ती वार्ता मागाहून कळली. धर्म टिळकांनीं बदलला आणि दंड लक्ष्मीबाईंनीं भरला. नवरा जिवंत असून संसार नाहीं, पदरांत लहान मुलगा, ज्याच्या त्याच्या तोंडीं कींव किंवा कुजबूज. अशीं सुमारें पांच वर्षें त्यांनीं काढलीं, त्यांतलीं कांहीं पंढरपुरांत. ही बाई तेव्हां ख्रिस्ती नव्हती, हें आमच्या ख्रिस्ती वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. सोसण्याचा मक्ता कोणत्याहि एका धर्माकडे नाहीं.

पुढें अहमदनगरास पतिपत्नी पुन्हां एकत्र आलीं. सोंवळ्याओंवळ्याच्या कडक शिस्तींत वाढलेल्या लक्ष्मीबाईंनीं ख्रिस्ती नवऱ्याच्या घरांत आपलें पाणी व आपला स्वयंपाक वेगळा ठेविला. आतां पहा. ज्या टिळकांना समाजानें बाहेर टाकलें, ते या घरांत मात्र धनी होते. त्या काळच्या रूढीनें नवऱ्याच्या शब्दाला केवढी सत्ता होती! एक हुकूम केला असता तर तो वेगळा हंडा अंगणांत गेला असता. त्यांनीं तो हुकूम केला नाहीं. पुढें लक्ष्मीबाईंनीं स्वतःच विचार करून ठरविलें कीं, जात ही माणसाची करणी आहे, देवाची नव्हे; आणि 1900 मध्यें त्यांनीं आपखुषीनें बाप्तिस्मा घेतला. शाळेंत न गेलेल्या या बाईंनीं हें सर्व 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत (1934–36) लिहून ठेविलें आहे. टिळकांचा रागीट व लहरी स्वभावहि त्यांत हसतहसत सांगितला आहे. तेव्हां त्यांची मूर्ति करून बसविण्याचा आमचा विचार नाहीं, आणि लक्ष्मीबाईंनीं ती बसूंहि दिली नसती. परंतु ज्याच्यावर लोकांनीं बळ चालविलें, त्याच्या हातीं बळ आलें असतां त्यानें तें आवरलें. टिळकांच्या सोसण्याहून हें आवरणें देवास अधिक आवडलें असेल, असें आमचें मत आहे.

पालकांसहि थोडें सांगावयाचें आहे. 1850 च्या 21 व्या कायद्यानें धर्म बदलणाराचा वारसाहक्क राखला. पण पंगत, पाणवठा आणि सोयरीक यांना तो कायदा काय करणार? आणि वऱ्हाड-मराठवाड्याकडील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गांवकुसाबाहेरचे. त्यांना पाणवठा बंद होता तो बाप्तिस्म्याच्या आधींपासूनच. धर्मासाठीं गमवावें असें त्यांच्यापाशीं होतें तरी काय? त्यांनीं सोसलेलें फारसें कोणी लिहूनहि ठेविलें नाहीं. लाजेनें सांगावें लागतें कीं, अशांच्या शेजारीं उपासनेस बसणारीं आमचीं कांहीं घरें सोयरिकीच्या वेळीं पूर्वींची जात हळूच विचारतात. लक्ष्मीबाईंनीं सोडलेला हंडा आम्हीं उचलून माजघरांत ठेविला आहे कीं काय?

असो. त्या मुलाला आम्हीं हें सारें प्रवचन ऐकविलें नाहीं. मधली सुटी तेवढी लांब नसते. आम्हीं इतकेंच विचारलें, "तूं काय बोललास तें त्याच्या आईनें ऐकलें असतें तर?" तो बराच वेळ गप्प उभा राहिला. दुसऱ्या दिवशीं तो त्या सोबत्याकडे गेला. क्षमा मागतांना धड शब्दहि फुटले नाहींत, असें मागाहून कळलें. आठ-दहा दिवसांनीं डबे पुन्हां एकत्र उघडूं लागले.

नाताळानंतर त्यानें वर्गांत करंज्या आणल्या. "पाद्रीबुवा, आणखी एक!" असा गलका आमच्यापर्यंत ऐकूं आला. टोपणनांव गेलेलें नाहीं. आतां तो त्याला ओ देतो. एका मुलाला त्या दिवशीं उपास होता. त्यानें मान हलवून नको म्हटलें. आमचा विद्यार्थी 'बरें' म्हणाला आणि डबा घेऊन पुढच्या बाकाकडे गेला.